रनर आणि खेळणाऱ्यांसाठीचं हार्ट चेकअप पॅकेज: घ्यावं का? आमचा अनुभव

सरळ सांगते, पॅकेज चांगलं आहे, जमत असेल तर करून घ्या, पण जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यासाठी नाही. जाहिरातीत टीएमटी (ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी), टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी), लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल) असं सगळं झळकवलंय आणि वर 'अ‍ॅथलीट हार्ट स्क्रीनिंग' असं भारी नाव. खरे पैसे वसूल होतात ते डॉक्टर समोर बसून अर्धा तास जे प्रश्न विचारतात त्यात. मशिनं काय, आता गल्लोगल्ली झाली आहेत.

सेंटर पुण्यातलं आहे, एका हार्ट स्पेशालिस्टचं क्लिनिक आणि त्यालाच जोडून तपासण्यांचा मजला. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. माणशी ६,२०० रुपये, दोघं मिळून गेलो तर थोडी सूट. त्यात रक्त, ईसीजी, टुडी इको, टीएमटी आणि डॉक्टरांची भेट दोनदा, एकदा तपासण्यांच्या आधी आणि एकदा सगळे रिपोर्ट आल्यावर. हे 'आधी' फार महत्त्वाचं आहे, त्यावर येते.

आम्ही कोण ते आधी सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी ४६, पळते. टेकडी, रस्ता, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन झालेली आहे (यवतेश्वरचा घाट चढताना काय काय आठवतं ते तिथे पळालेल्यांना माहिती), आता जानेवारीत मुंबईला फुल करायची आहे. नवरा ४९, त्याचं पळणंबिळणं काही नाही, सोमवार ते शुक्रवार खुर्चीत आणि शनिवार-रविवार बॅडमिंटन, ते पण असं की जणू थॉमस कपला निवड व्हायचीये. वॉर्मअप म्हणजे रॅकेटचं कव्हर काढणं. त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी माझी, 'एवढं पळतेस, हार्टला झेपतं का', आणि मला काळजी त्याची.

आणि वातावरण तर तुम्ही बघताच आहात. २०२१ ला पुनीत राजकुमार व्यायामानंतर छातीत दुखायला लागून गेला, वय ४६. २०२२ ला राजू श्रीवास्तव जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले. २०२३ च्या डिसेंबरात आपला श्रेयस तळपदे, तो वाचला नशिबाने. अशी बातमी आली की दोन दिवस सगळे ग्रुप पेटतात, सगळ्यांनी टीएमटी करून घ्या रे, मग कुणीतरी डिस्काउंट कूपन टाकतं, आणि तिसऱ्या दिवशी परत लाँग रनचे फोटो. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी असंच घाईघाईत कुठेतरी टीएमटी करून 'निगेटिव्ह आलं' म्हणून स्टेटस ठेवलेत. त्या निगेटिव्हचा अर्थ नक्की किती हे त्यातल्या कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं असतं का, मला शंका आहे.

मी या चेकअपच्या आधीच्या वर्षी एका मोठ्या लॅबचं 'फुल बॉडी विथ हार्ट' केलं होतं, ऑनलाइन ऑफर होती, आणि तो अनुभव वाईट म्हणजे वाईटच. ईसीजीच्या कागदावर मशिननेच वर छापलं होतं 'अ‍ॅबनॉर्मल ईसीजी', खाली सायनस ब्रॅडिकार्डिया (म्हणजे ठोके कमी), इन्कम्प्लीट आरबीबीबी (हृदयाच्या उजव्या बाजूच्या विजेच्या वाटेत जरा उशीर), आणि एक सही. बसल्या जागी माझे ठोके ४८ असतात. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणे मॅडम रिपोर्टवर लिहिलंय तसं करा. रिपोर्टवर लिहिलं होतं 'क्लिनिकल कोरिलेशन', म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा. म्हणजे काय करू मी? तो कागद घरी सासूबाईंच्या हाती पडला आणि पुढचे काही आठवडे मी बूट घालताना दिसले की घरात शांतता पसरायची.

तोच कागद इथल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पट्टी हातात घेतली, खिडकीकडे वळवून शेवटपर्यंत नीट बघितली, वरचं छापलेलं वाचलंच नाही, आणि पहिला प्रश्न विचारला 'आठवड्याला किती किलोमीटर?' मग म्हणाल्या की नियमित दमछाक करणाऱ्या माणसाचं हृदय बदलतं, ठोके कमी होतात, अगदी ३० च्या घरात गेलेले खेळाडू पण ठीकठाक असतात, विजेची वाट जरा रेंगाळते, हे सगळं खेळाडूंसाठी नॉर्मल धरतात आणि त्याचे २०१७ चे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्या निकषांत उलट काही गोष्टी अशा आहेत ज्या दिसल्या तर खेळाडू असो की कुणी, थांबून तपास करायचाच. ईसीजीच्या रेघेतली टी वेव्ह नको त्या ठिकाणी उलटी, एसटीची रेघ खाली गेलेली, क्यूटी हे अंतर लांबलेलं, डब्ल्यूपीडब्ल्यूची (हृदयात विजेची जन्मजात जादा वाट) खूण. माझ्यात यातलं काही नव्हतं. पाच मिनिटांत विषय संपला. हे त्या लॅबमध्ये कुणी सांगू शकलं नसतं का? तिथे ईसीजी काढणाऱ्याने मी पळते की झोपते हे विचारलंच नव्हतं.

आता त्या आधीच्या भेटीबद्दल. मला वाटलं होतं फॉर्म भरून घेतील, बीपी-शुगर आहे का, ऑपरेशन झालंय का, बास. पण डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवून तोंडी विचारायला सुरुवात केली. पळताना कधी चक्कर आली का? पळताना की थांबल्यावर? हा फरक मला पहिल्यांदा कळला. म्हणजे शर्यत संपल्यावर उन्हात उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येणं ही बहुतेक वेळा रक्तदाब खाली आल्याची भानगड असते, पण ऐन जोरात असताना माणूस शुद्ध हरपून पडला तर ती गोष्ट गंभीर, तिथे पुढची तपासणी झाल्याशिवाय परत मैदानात जायचं नाही. छातीत दुखणं, दाब येणं, जबडा-खांदा-डावा हात, आधी सहज जमणारा चढ अलीकडे जड जातोय का, धडधड, आणि मग घरातल्यांबद्दल. कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का, कुणाला हृदयाचा स्नायू जाड असल्याचं निदान आहे का, कुणी बुडून किंवा गाडी चालवताना असं काही विचित्र कारणाने गेलंय का, कारण बुडाला असं आपण म्हणतो पण कधीकधी आधी ठोका बिघडलेला असतो आणि मग माणूस बुडतो.

इथे नवऱ्याची गंमत झाली. त्याला विचारलं घरात हार्टचं काही? तो म्हणाला नाही. डॉक्टर म्हणाल्या वडिलांचे भाऊ किती? चार. सगळे आहेत? एक काका लवकर गेले. कसे? झोपेत गेले म्हणे, गावाला, तेव्हा मी शाळेत होतो. वय? चाळिशीत असतील. आणि मग तो स्वतःच गप्प झाला, कारण इतकी वर्षं ते काका 'झोपेत गेले' एवढंच घरात बोललं गेलंय, भाग्यवान होते, त्रास नाही झाला, असं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि त्याच्या फाइलवर लिपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉलसारखाच एक चरबीचा कण) ही रक्ताची तपासणी जादा लिहिली. आपल्याकडे 'झोपेत गेले', 'पित्त झालं होतं', 'जेवण जड झालं होतं' असे किती जण प्रत्येक घरात असतील विचार करा. आधी घरच्या मोठ्यांना फोन करून हे सगळं विचारून घ्या आणि मग जा, नाहीतर ही भेट अर्धी वाया जाते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनची म्हणे १४ मुद्द्यांची यादी आहे, खेळाडूंना काय विचारायचं आणि अंगाला हात लावून काय बघायचं त्याची, हे प्रश्न साधारण त्यातलेच. अंगाची तपासणी पण नीट झाली. बीपी दोन्ही हातांचं घेतलं. स्टेथोस्कोप लावून झोपवून ऐकलं, मग उभं करून ऐकलं, मग उकिडवं बसवून एकदम उभं राहायला लावून परत ऐकलं. नवऱ्याला वाटलं उठाबशा काढायला लावतायत. कारण असं की स्नायू जाड होण्याच्या त्या आजारात (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, साधारण ५०० माणसांत एकाला असतो, म्हणजे तितका दुर्मिळ नाही) उभं राहिल्यावर हृदयातला आवाज वाढतो. जांघेतली नाडी पण बघितली. एवढं करायला एक स्टेथोस्कोप आणि पाच मिनिटं लागतात, याचे वेगळे पैसे कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेले नसतात आणि म्हणूनच बहुतेक ते होत नाही.

टुडी इको. खोली थंडगार, अंधार, दारावर गर्भलिंग निदान केले जात नाही हा बोर्ड, आत डाव्या कुशीवर झोपायचं आणि हात डोक्याखाली. जेल गार असतं. मशिन चालवणारा मुलगा चांगला होता, घाई नाही केली. जाडी मोजताना आकडे मोठ्याने सांगत होता. हृदयाची भिंत साधारण १२ मिलीमीटरपर्यंत ठीक, खेळाडूंमध्ये १३ ते १५ ला ते संशयाचा पट्टा म्हणतात, म्हणजे ते व्यायामाने जाड झालंय की आजाराने हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, मग एमआरआय, मग काही महिने व्यायाम थांबवून परत मोजणं असं करावं लागतं. बायकांमध्ये व्यायामाने एवढी जाडी क्वचितच होते. माझी ९, नवऱ्याची ११. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या जिथून निघायला हव्यात तिथूनच निघतात का हे पण त्याने बघायचा प्रयत्न केला, सांगितलं की इकोत प्रत्येकाचं दिसतंच असं नाही. हे त्याने आपणहून सांगितलं याचे मी जादा मार्क देते.

आता टीएमटी, आणि इथे जरा लांब लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त गैरसोय याचीच.

बायकांसाठी आधी. कपड्यांचं काहीतरी नीट ठरवा हो तुम्ही लोक. मला फोनवर सांगितलं होतं 'सैल कपडे आणि बूट'. तिथे गेल्यावर दहा ठिकाणी स्टिकर लावायचे, त्यातले निम्मे ब्रामुळे झाकल्या जाणाऱ्या जागेवर. पुढून उघडणारा गाऊन दिला तो अंगाला बसेना, बांधायची नाडी तुटलेली. स्टिकर लावायला बाई होत्या हे चांगलं, पण पट्टा सुरू झाल्यावर मध्येच एक माणूस फाइल न्यायला आत आला, दार न वाजवता. मी तिथेच बोलले, त्यांनी सॉरी म्हटलं, पण दाराला आतून कडी नाही ही गोष्ट सॉरीने सुटत नाही. पुढून चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा आणि वरून पुढे बटणं असलेला सैल शर्ट घेऊन जा, हा माझा सल्ला. आणि ज्या मुलीने बीपीचा पट्टा बांधला ती मला सारखी काकू म्हणत होती. काकू दमलात का, काकू थांबू का. बाळा, काकू बेचाळीस किलोमीटर पळणार आहे.

ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात त्याला. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग पण वाढवतो आणि चढ पण. सुरुवात २.७ किलोमीटर ताशी आणि १० टक्के चढ, वाटतं काय हे, मग १२ टक्के, मग १४, आणि चौथ्या टप्प्याला १६ टक्के चढावर पावणेसात किलोमीटर. पळणाऱ्यांना चिडचिड होते कारण वेग चालण्याचा आणि पळण्याचा मधलाच, धड चालता येत नाही धड पळता येत नाही, पोटऱ्या भरतात. मध्ये मध्ये बीपी घेतात तेव्हा हात सैल सोडायला सांगतात, ते १६ टक्क्यांच्या चढावर करून दाखवा.

मुद्दा असा की २२० वजा वय आणि त्याचे ८५ टक्के हा आकडा सगळीकडे टार्गेट धरतात. माझं १४८ येतं. ते आलं की बहुतेक ठिकाणी मशिन थांबवतात, टेस्ट झाली, पुढचा पेशंट. अहो पण मी टेकडीच्या चढावर १६५ ला असते! ज्या ठोक्यांवर मी रोज असते त्याच्या खालीच टेस्ट थांबवली तर तिने मला काय सांगितलं? इथे पण ती मुलगी १४८ ला थांबवायलाच निघाली होती, पण डॉक्टर खोलीत होत्या, त्या तिला म्हणाल्या चालू दे, मॅडम स्वतः थांबा म्हणेपर्यंत. असं विचारून घ्याच आधी की खेळणाऱ्या माणसाला पूर्ण दमेपर्यंत नेता की नाही. आणि टेस्टच्या वेळी डॉक्टर खोलीत असतात की शेजारच्या केबिनमध्ये, शॉक द्यायचं मशिन खोलीत आहे का. इथे होतं, भिंतीला लागून, त्यावर बॅटरी तपासल्याच्या तारखांचा कागद चिकटवलेला. जिथे संमतीपत्रावर सही घेतात पण खोलीत ते मशिन दिसत नाही तिथे पट्ट्यावर चढू नका, माझं तर स्पष्ट मत आहे.

टीएमटी नॉर्मल आली म्हणजे काय, तर त्या दिवशी त्या जोरावर रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही. अडथळा बराच मोठा, म्हणजे साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असला तर ही टेस्ट पकडते, तेही दर वेळी नाही. बहुतेक अ‍ॅटॅक ज्या छोट्या चरबीच्या गाठी फुटून येतात त्या ३०-४० टक्क्यांच्या पण असतात आणि त्या टीएमटीत दिसत नाहीत. उलट बायकांमध्ये काही नसताना पॉझिटिव्ह यायचं प्रमाण जास्त, मग तिथून अँजिओग्राफीपर्यंतची धावपळ. हे सगळं मला दुसऱ्या भेटीत सांगितलं, फळ्यावर चित्र काढून. स्टेटसवाल्या मंडळींनी हे वाचावं.

नवऱ्याचं काय झालं ते सांगते कारण पॅकेजचा उपयोग त्यालाच झाला. त्याची टीएमटी एकदम स्वच्छ, इको स्वच्छ, तो आधीच विजयी मुद्रेत. मग रक्त. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८ आणि लिपोप्रोटीन ए बरंच वाढलेलं. हे दुसरं जन्मजात असतं, खाण्यापिण्याने-व्यायामाने फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. काकांचा धागा बहुतेक तिथेच होता. मग डॉक्टरांनी कॅल्शियम स्कोअर करायला सांगितला, तो सीटी असतो, शिरेत काही टोचत नाहीत, पाच-दहा मिनिटांचं काम, पण पॅकेजमध्ये नाही, वेगळे पैसे. शून्य आलं तर छान, शंभरच्या वर गेलं तर काळजी, चारशेच्या वर म्हणजे जास्तच. त्याचा आला ६४. म्हणजे धमन्यांत चुना साचायला सुरुवात झालेली आहे. गोळी सुरू झाली, बॅडमिंटन बंद नाही केलं, पण आधी पंधरा मिनिटं अंग तापवायचं, आठवड्यात मधले दोन-तीन दिवस तरी भरभर चालायचं म्हणजे शनिवारी शरीराला एकदम धक्का नको, आणि अंगात ताप असताना किंवा आजारपणातून उठल्या उठल्या कोर्टवर जायचं नाही. हे शेवटचं फार लोक पाळत नाहीत, पण व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यात जोर केला तर ठोका बिघडतो.

आपल्या लोकांचं वय पण लक्षात घ्या. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला होता, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ५८-५९. म्हणजे आपण पाचेक वर्षं आधीच रांगेत. पस्तिशीच्या पुढे खेळताना अचानक कोसळणाऱ्यांमध्ये मुख्य कारण हेच, धमन्यांमधले अडथळे. पस्तिशीच्या आत मात्र कारणं वेगळी, जन्मजात, स्नायू जाड, धमनी चुकीच्या जागेवरून निघालेली, विजेच्या वायरिंगचा दोष.

म्हणूनच मैत्रिणीने विचारलं की तिची मुलगी जिल्हा पातळीवर खो-खो खेळते, सोळा वर्षांची, तिला हे पॅकेज घ्यायचं का, तर मी नाही म्हटलं. तिला टीएमटी आणि लिपिडचा एवढा खर्च कशाला, तिला ते प्रश्न, ती अंगाची तपासणी आणि एक ईसीजी जो खेळाडूंचे निकष माहिती असलेल्या माणसाने वाचलेला असेल, एवढं बास. सेंटरने मुलांसाठी असं छोटं, स्वस्त पॅकेज काढायला हवं, मी काउंटरवर सांगून आले, 'कळवतो मॅनेजमेंटला' म्हणाले.

ईसीजी सगळ्या खेळाडूंचा करावा की नाही यावर जगभर भांडण आहे. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्याला दरवर्षी ईसीजीसकट तपासणी कायद्यानेच लागते, आणि त्यांच्या व्हेनेतो भागातला अभ्यास २००६ मध्ये आला त्यात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला लाखात ३.६ वरून ०.४ वर आले असं दिसलं, म्हणजे जवळजवळ ९० टक्के कमी. दुसरीकडे इस्रायलने पण कायदा केला आणि तिथे नंतर काही फरक दिसला नाही. अमेरिकावाले सरसकट ईसीजी नको म्हणतात, खोटे अलार्म फार वाजतात म्हणून. मला दोघांचं पण पटतं, माझ्या त्या लॅबच्या कागदासारखे खोटे अलार्म वाजले की माणसं व्यायामच सोडतात. पण इटलीचा कडकपणा बघा, २०२१ च्या जूनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात पडला, मैदानातच शॉक देऊन उठवला, नंतर छातीत आयसीडी (ठोका बिघडला की आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवलं, तर त्या यंत्रासकट इटलीत खेळता येत नाही म्हणून त्याला इंटर मिलान सोडावं लागलं. मग २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून खेळायला लागला. आणि हा देशपातळीवरचा खेळाडू, आयुष्यभर तपासण्या झालेला. म्हणजे चेकअप झाला म्हणून विमा उतरला असं नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. अमेरिकेत २००० ते २०१० च्या हाफ आणि फुल मॅरेथॉनचा हिशोब मांडला होता, एक कोटी नऊ लाख रनर, त्यात हृदय बंद पडल्याच्या घटना ५९. फुलमध्ये हाफपेक्षा जास्त आणि पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त. सासूबाईंना हा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या त्या ५९ मध्ये तू नसशील कशावरून. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता बाकीच्या तक्रारी पटापट. रक्त उपाशीपोटी द्यायचं आणि टीएमटी हलकं खाऊन दोनेक तासांनी, त्यामुळे सकाळी सातला गेलेलं माणूस दुपारी एकपर्यंत तिथेच, आणि हे आधी कुणी सांगत नाही. खाली कॅन्टीन आहे, उपमा बरा होता, चहा मागू नका, टेस्टच्या आधी चहा-कॉफी नकोच म्हणतात. पार्किंग नाही. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आला पण त्यात ईसीजीची पट्टी नव्हती, नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं, परत मागावी लागली. ती मागाच आणि जपून ठेवा, पुढच्या वर्षी काही बदललं का हे कळायला जुनी पट्टीच लागते. आणि काउंटरवर 'प्लॅटिनम' गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, दुप्पट पैसे, त्यात कार्डियाक मार्कर्स आणि अजून दहा नावं. डॉक्टरांना विचारलं तर त्याच म्हणाल्या काही लक्षण नसताना ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) करून काय मिळणार.

याच्यावरून आठवलं, लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला जाऊ नका. मोठं अंतर पळाल्यावर ट्रोपोनिन, सीपीके, एसजीओटी (स्नायू आणि लिव्हरशी जोडलेले आकडे) हे सगळं तात्पुरतं वाढतं, मग हार्ट आणि लिव्हर दोन्हीचे डॉक्टर गाठावे लागतील. आधी तीन-चार दिवस आराम किंवा अगदी हलकं काहीतरी, एवढं पथ्य पाळा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर टीएमटीच्या दिवशी घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका, काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत आणि टेस्ट अर्धवट होते.

पैशाचं अजून एक. मेडिक्लेममधून हे मिळत नाही, आमच्या तरी नाही मिळालं. पण इन्कम टॅक्सची जुनी पद्धत ठेवली असेल तर ८० डीमध्ये प्रिव्हेंटिव्ह चेकअपचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, पावती नीट नावावर घ्या. आम्हाला आधी दोघांची एकत्र पावती दिली होती, बदलून घेतली.

पाचपैकी चार. एक स्टार कापला तो गाऊन, दाराची कडी आणि ती सहा तासांची ताटकळ यासाठी. डॉक्टरांना पाचपैकी पाच. त्यांनी निघताना नवऱ्याला विचारलं तुमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये एईडी आहे का, त्याला एईडी म्हणजे काय (कुणालाही वापरता येणारं शॉक द्यायचं मशिन) हेच माहिती नव्हतं. आता त्याच्या ग्रुपने वर्गणी काढायचं ठरवलंय, त्याआधी सगळ्यांनी सीपीआर शिकून घ्यायचं, सेंटरचाच माणूस रविवारी हॉलवर येऊन छाती दाबायला शिकवणार आहे, त्याचे पैसे घेणार नाहीत म्हणाले.

बुकिंग फोनवरच होतं, वेबसाइटवरचं बटण चालत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबई मॅरेथॉनवाल्यांची गर्दी असते त्यामुळे शनिवार मिळत नाही, मधल्या वारी सुट्टी काढून जा. रेससाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं असेल तर पहिल्या भेटीतच सांगा. नंतर मागितलं तर वेगळे तीनशे रुपये घेतात आणि सहीसाठी परत हेलपाटा घालावा लागतो.